भुकेला कोंडा, आणि भूक नसताना कोंडाजी

आमच्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात स्टीलचा एक उभा डबा असायचा. झाकण जरा सैल. रात्री साडेदहाला कोणी ते उघडलं की 'टण्' असा आवाज व्हायचा आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाई विचारायच्या, "कोण आहे गं तिकडे?" मीच असायचे. जेवून दीड तास झालेला, पोट भरलेलं, तरी हात डब्यात. चिवड्याचा एक फक्का, मग त्यातले शेंगदाणे वेचून वेचून, मग तोंड खारट झालं म्हणून गोडीशेव, मग ती फार गोड झाली म्हणून परत चिवडा. ही फेरी कुठे संपते ते अजून कोणाला सापडलेलं नाही.

मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते आणि घरी बसून पाच-सहा दुकानदारांचे हिशेब बघते. म्हणजे दिवसभर खुर्ची, आणि खुर्चीपासून स्वयंपाकघर अकरा पावलांवर. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण दोन वर्षं या डब्याशी झटापट करून जे हाती लागलं ते नव्याने प्रयत्न करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहून ठेवते आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण मला ती कळायला आठ महिने लागले: मनाला आवर घालायच्या भानगडीत पडू नका. रात्री साडेदहाचं मन आवरत नाही. डबा मात्र हलवता येतो.

पहिली पायरी: भाकरीची कसोटी

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. खरी भूक लागली की कोंड्याची भाकरीही गोड लागते. मी ही म्हण कसोटी म्हणून वापरते. डब्याकडे पाय वळले की स्वतःला विचारायचं, आत्ता समोर सकाळची भाकरी आणि उरलेलं वरण ठेवलं तर खाशील का? उत्तर 'हो, आण' असं आलं तर ती भूक. मग सरळ ताट घेऊन बसा आणि जेवा, अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. उत्तर 'छे, भाकरी नको, चिवडाच' असं आलं तर ती खा-खा. भूक अन्न मागते, खा-खा ठरावीक डबा मागते. नाशिककरांनी म्हणीला एक शेपूट जोडायला हरकत नाही: भुकेला कोंडा, आणि भूक नसताना कोंडाजी, म्हणजे आपला नाशिकचा नावाजलेला चिवडा. (चिवड्याची बदनामी करायची नाही. तो चांगला आहे म्हणून तर हा लेख लिहायची वेळ आली.)

दोघींच्या येण्याची तऱ्हाही वेगळी. भूक पायरी पायरीने चढते. आधी पोटात पोकळी, मग जरा चिडचिड, मग कावळे. तिला तासभर थांब म्हटलं तर कुरकुरत थांबते. खा-खा एकदम येते आणि पोटात न येता तोंडात येते: जिभेवर चव, दाताखाली कुरकुर. आपल्या भाषेत 'तोंड चाळवलं' म्हणतात, 'पोट चाळवलं' कोणी म्हणत नाही, यातच सगळं आलं.

यात एक घोटाळा आहे. रोज साडेचारला वडापाव खाणाऱ्या माणसाच्या पोटात साडेचारला खरोखरच खड्डा पडतो, दोन वाजता कितीही जेवलेला असो. पोटातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात जातं आणि मेंदूला खायची आठवण करून देतं. कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधून काढलं. हे घ्रेलिन नेहमीच्या खाण्याच्या वेळेच्या आधी वाढतं, म्हणजे ते घड्याळ बघून काम करतं म्हणा ना. गंमत पुढे आहे: त्या वेळी काहीच खाल्लं नाही तरी काही वेळाने ते आपोआप उतरतं. तेव्हा पोटातल्या खड्ड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नका, भाकरीलाही विचारा.

आणि हा रोग फ्रिज आणि टीव्हीबरोबर आला अशी समजूत असेल तर तीही सोडा. आधीचं जेवण पचायच्या आत त्यावर पुन्हा खाणं, याला चरकसंहितेत स्वतंत्र शब्द आहे: अध्यशन. त्या काळीही कुणाचं तरी झाकण वाजत असणार.

दुसरी पायरी: आठवडाभर नुसतं लिहा

सात दिवस काहीही सोडायचं नाही. खा, पण लिहा. मी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने आखले होते: वेळ, जागा, काय खाल्लं, आणि त्याच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं. कॅलरी लिहू नका. कॅलरी लिहायला लागलं की माणूस तिसऱ्या दिवसापासून खोटं लिहितो, हा माझा हिशेबनिसाचा अनुभव आहे.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या कागदावर आठवड्यात एकोणीस नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा रात्री सव्वादहा ते अकराच्या मधल्या, टीव्हीसमोरच्या. पाच नोंदी अशा की आधी एका ठरावीक गिऱ्हाईकाचा फोन येऊन गेलेला. (नाव सांगत नाही. बिलं चपलांच्या खोक्यात भरून महिनाअखेरीला आणून देतो.) उरलेल्या तीन वेळा मी खरोखर भुकेली होते. म्हणजे ज्याला मी 'माझी दिवसभर चरायची सवय' म्हणत होते ती प्रत्यक्षात एक खुर्ची, एक वेळ आणि एक माणूस एवढीच निघाली. दिवसभराच्या सवयीशी कोणी भांडू शकत नाही. एका खुर्चीचं काहीतरी करता येतं.

तुमचा कागद वेगळा निघेल. अंबडला कारखान्यात जाणाऱ्या माझ्या मावसभावाच्या कागदावर सगळ्या नोंदी शिफ्ट सुटल्यावरच्या पंधरा मिनिटांतल्या होत्या, गेटाबाहेरच्या गाडीवरच्या. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्या शेजारणीच्या जवळपास सगळ्या रेल्वेच्या डब्यातल्या. भूक असो-नसो, फेरीवाला समोरून गेला आणि बाकावरच्या तिघींनी घेतलं की चौथीचा हात पर्समध्ये जातो.

तिसरी पायरी: आधी पोटभर जेवा

बहुतेक जण इथेच फसतात. मीही फसले होते. खा-खा थांबवायची म्हणून जेवण कमी केलं, सकाळी नुसता चहा-बिस्किट, दुपारी दीड पोळी. मग पाच वाजता जी धाड पडायची ती खा-खा नव्हतीच, शुद्ध भूक होती, आणि भुकेसमोर चिवड्याचा डबा ठेवला तर ती भाकरीची वाट बघत बसत नाही.

आपल्या घरांतलं वेळापत्रक बघा. दुपारचं जेवण एक वाजता, रात्रीचं नऊला. मध्ये आठ तास. इतक्या वेळात भूक लागणारच. म्हणून साडेपाचचं खाणं रद्द करू नका, उलट त्याला मान द्या. 'मधल्या वेळचं खाणं' असा चांगला शब्द आपल्याकडे आहे. ते येता-जाता तोंडात टाकण्यासाठी नाही. ताटली घ्यायची, बसायचं, खायचं, ताटली विसळून ठेवायची. ताटली विसळली की मेंदूला काहीतरी संपल्याचं कळतं. पिशवीत हात घालून खाल्लेल्याची कुठेच नोंद होत नाही.

काय खायचं? फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे. मोड आलेल्या मुगावर कांदा, लिंबू. उकडलेलं अंडं. थंडीत भाजलेल्या किंवा उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, ज्यांचा मोठा फायदा असा की सोलायला लागतात, त्यामुळे हात आपोआप सावकाश चालतो. पेरू. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचा एक घोस, आपल्या गावात त्या दिवसांत दुसरं काही खायचं म्हणजे करंटेपणाच. नाश्त्यात नुसते पोहे असतील तर सोबत वाटीभर मटकीची उसळ किंवा अंडं घ्या. प्रथिनं आणि चोथा असलेलं खाणं पोटात जास्त वेळ टिकतं; नुसत्या पोह्यांवर मी अकरालाच डबे हुडकायला लागायचे.

कारखान्यात तयार झालेल्या पाकिटांबद्दल एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. २०१९ साली केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २० माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. वाढलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी, चोथा यांचं प्रमाण सारखं ठेवलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटबंद प्रकारच्या अन्नावर असताना तीच माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती. म्हणजे 'माझ्यात निग्रहच नाही' असं म्हणण्याआधी हातात काय आहे तेही बघायला हवं.

चौथी पायरी: डबा हलवा

आता मुख्य काम. सवय डोक्यात असते असं आपण समजतो. ती बरीचशी ओट्यावर असते. याचा माझ्या मते सगळ्यात मजेदार पुरावा २०११ साली डेव्हिड नील, वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापला. सिनेमाला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना चक्क सात दिवसांचे शिळे. ज्यांना थेटरात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. आवडले नाहीत हे त्यांनाही कळत होतं. तसेच पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत दिले तेव्हा मात्र सवयीच्या लोकांनीही शिळे फार खाल्ले नाहीत. अंधार, खुर्ची आणि पडदा मिळाल्यावर हात आपला आपण चालत होता.

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग: लोकांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, आणि थेटरात बसूनही शिळ्या पॉपकॉर्नचं खाणं कमी झालं. आमच्याकडे डाव्या हाताने खाणं म्हणजे सासूबाईंसमोर संकटच, पण म्हणूनच तो उपाय लागू पडतो. डाव्या हाताने चिवडा खाऊन बघा. सांडतो, लाजही वाटते, आणि तिसऱ्या घासाला आपण काय करतोय ते लक्षात येतं.

माझ्या घरात केलेले बदल असे. उभा डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर गेला, जिथे पोचायला स्टूल लागतं. रात्री साडेदहाला स्टूल ओढायचा आवाज झाकणापेक्षा मोठा होतो, हा वरचा फायदा. काचेच्या बरण्या होत्या त्यांत डाळी गेल्या. जे आरपार दिसतं ते खाल्लं जातं, आणि कच्ची तूरडाळ कोणी खात नाही. ओट्यावर फळांची परडी आली. चिवडा किलोने आणायचा बंद केला, पाव किलोच आणायचा, स्वस्त पडत नाही तरी. आणि कोणीही, अगदी मुलानेसुद्धा, पिशवीतून खायचं नाही. वाटीत घ्यायचं, पिशवीचं तोंड रबर लावून बंद करायचं, मगच वाटीला हात लावायचा.

वाटीची बाजू मी घेते ती मोजण्यापुरती. मूठभर, म्हणजे साधारण तीस ग्रॅम, तळलेल्या चिवड्यात दीडशेच्या आसपास कॅलरी, जवळपास एका भाकरीएवढ्या. उभ्याने चार फक्के मारणाऱ्याला आपण चार भाकऱ्या खाल्ल्याचं कधीच जाणवत नाही. पण 'लहान वाडगा घेतला की माणूस आपोआप कमी खातो' हे जे सगळीकडे ठासून सांगतात, त्याला मी भुलत नाही. वाडग्याच्या आकारावरचा एक गाजलेला निबंध 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१८ साली मागे घेतला. लहान वाडगा तीनदा भरून घेणारी माणसं मी घरातच पाहिली आहेत, त्यातली एक आरशात.

टीव्हीची खुर्चीही बदला. मी दिवाणावरून उठून जमिनीवर बसायला लागले, हातात पालेभाजी निवडायला किंवा लसूण सोलायला. लसणाचा वास लागलेल्या बोटांनी गोडीशेव खाववत नाही.

पाचवी पायरी: दुतोंड्या मारुतीची मोजपट्टी

डबा हलवला तरी खा-खा यायची तेव्हा येतेच. तेव्हा काय करायचं?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकची माणसं एकमेकांना आकडे विचारत नाहीत. विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. गोदाघाटावरचा मारुती म्हणजे आपली पूर मोजायची पट्टी. मी तीच पट्टी खा-खाला लावली. ओढ आली की घड्याळ बघायचं आणि मनात म्हणायचं, कमरेला आहे. काहीही करायचं नाही, खायचं नाही, पण 'खायचं नाही' असं घोकतही बसायचं नाही. पाच मिनिटांनी परत बघायचं. छातीला? ठीक. परत पाच मिनिटांनी. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत पाणी गुडघ्याखाली आलेलं असतं. पूर काही कोणी आत ढकलत नाही. वरून येणं थांबलं की तो उतरतो.

ही माझी अक्कल नाही, मारुती तेवढा माझा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट दारू-सिगारेट सोडणाऱ्यांना हेच शिकवत: तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते, तिच्याशी झोंबू नका, तिच्यावर स्वार व्हा. समुद्र लांब असल्यामुळे मला लाट काही जमेना, पूर जमला.

ती वीस मिनिटं रिकामी ठेवू नका. आधीच ठरवून ठेवा, आणि ठरवताना 'जर-तर' अशी वाक्यं करा. 'संध्याकाळी कमी खायचं' हे वाक्य कुचकामी आहे. 'खोकेवाल्याचा फोन ठेवला की गच्चीवर जाऊन कपडे काढून आणायचे' हे चालतं. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा जर-तर ठरावांवर बरंच काम केलंय. नुसत्या इच्छेपेक्षा वेळ, जागा आणि कृती बांधलेला ठराव जास्त पाळला जातो. माझे तीन ठराव फ्रिजच्या दारावर होते:

सव्वादहा वाजले, तर दात घासायचे. (पेस्टच्या चवीवर चिवडा भयानक लागतो. एकट्या या ठरावाने निम्मं काम केलं.)

फोनवर डोकं तापलं, तर गच्ची.

दुपारी काम करताना जांभई आली, तर ट्रॅकला एक फेरी. आमच्याकडे इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक जवळ आहे. कॉलेज रोडकडच्यांना कृषीनगरचा. जांभईचं भुकेशी नातं नसतं, पण मी वर्षानुवर्षं तिच्यावर बिस्किटांचा इलाज करत होते.

पाणी प्या, असं सगळे सांगतात. प्या. भूक मरते म्हणून नाही, तर माठापर्यंत जाऊन, भांडं भरून, पिऊन, भांडं पालथं घालेपर्यंत तीन मिनिटं जातात म्हणून.

झोप

याबद्दल थोडक्यात. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ तरुणांवर प्रयोग झाला: दोन रात्री चारच तास अंथरुणात, आणि मग तुलनेला दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि ओढ मुख्यतः गोड, खारट, पिठूळ पदार्थांची होती. विवरणपत्रांच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात मी इतकी का चरते याचं उत्तर मला इथे मिळालं. त्या आठवड्यात मी आता नवे नियम लावत नाही, लवकर निजते.

सहावी पायरी: 'घे गं, एवढ्याने काय होतंय'

एकटी राहणारी माणसं हा भाग सोडू शकतात. बाकीच्यांसाठी ही सगळ्यात अवघड पायरी आहे, कारण इथे समोर डबा नसतो, माया असते.

सासूबाईंना मी पहिल्यांदा सांगितलं, "आई, मी संध्याकाळनंतर काही खाणार नाही." त्यांनी अर्थ काढला की त्यांच्या हातचं नको झालं. दोन दिवस घरात थंडी. मग मी युक्ती बदलली. "आई, मला तुमच्या हातचा चिवडा नीट बसून खायचाय. साडेपाचला चहाबरोबर वाटीत घालून तुम्हीच द्याल का? मी घेतला की भान राहत नाही." आता साडेपाचला वाटी येते, आणि रात्री मी उठले तर त्याच म्हणतात, "झोप आता, उद्या देते." ज्या व्यक्तीकडून आग्रह होतो तिच्याकडेच किल्ली द्यायची.

दुसऱ्यांच्या घरी 'पोट भरलंय' हे वाक्य कधीही चालत नाही. मराठी घरात ते नकार म्हणून ऐकूच येत नाही, आग्रहाचं आमंत्रण म्हणून ऐकू येतं. 'डाएट' शब्द तर उच्चारूच नका. त्यावर अर्धा तास चर्चा होते आणि चर्चेसोबत करंजी येते. चालतं ते हे: "काकू, आत्ता जेवूनच आले हो, पण पुडी बांधून द्या, घरी सगळ्यांबरोबर खाईन." काकू खूश, पुडी घरी, माळ्यावर.

ऑफिसातल्या वाढदिवसांना केकचा तुकडा हातात घेऊन गप्पा मारायला दुसऱ्या टोकाला जायचं. कोणी मोजत नाही.

बाहेरचं खाणं

रविवारच्या मिसळीवर हा लेख बंदी घालणार असं वाटत असेल तर निश्चिंत राहा. नाशकात राहून मिसळ सोडायला सांगणाऱ्याचं कोणी ऐकूही नये. फक्त तिला तिचा दर्जा द्या. पापड, दही, दोन पाव, वरून रस्सा परत परत, एवढं सगळं 'नाश्ता' म्हणून खाऊन घरी येऊन दीड वाजता वरण-भात जेवायचा, यात गडबड आहे. मिसळ हे जेवण आहे. साडेदहाला मिसळ खाल्ली की पुढचं खाणं चार-पाच वाजता, तेव्हाही भाकरीला विचारूनच.

संध्याकाळी मेन रोडला खरेदीला जाताना किंवा कॉलेज रोडला मुलाला क्लासला सोडताना वास येतोच. मी दोन नियम केले. आठवड्यात एकदा, आणि ते आधी ठरवून: बुधवार. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजाराला जाते, भाजी घेते आणि भेळभत्ता खाते, उभ्याने नाही, घाटाच्या पायरीवर बसून, फोन पिशवीत ठेवून. बाकीचे दिवस गाडी दिसली की मनात म्हणते, बुधवारी. नाही म्हणण्यापेक्षा बुधवारी म्हणणं फार सोपं जातं.

उपासाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या आज्यांनी आधीच सांगून ठेवलंय. साबुदाणा वडा उपासाला चालतो म्हणून खा-खालाही चालतो असं नाही.

चुकलं तर

चुकणार. तिसऱ्या आठवड्यात मी स्टूल लावून माळ्यावरचा अख्खा डबा संपवला होता, मुलाच्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी काही शिक्षा घेऊ नका, लंघन करू नका. लंघनानंतरची भूक पुन्हा डब्यावरच जाते. नेहमीचं जेवण, साडेपाचची वाटी, सव्वादहाला दात.

किती दिवस लागतात? 'एकवीस दिवसांत सवय' असं पोस्टरवर असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना नवी सवय लावायला सांगून प्रत्यक्ष मोजलं. मध्यावर ६६ दिवस आले, पण माणसामाणसात फरक केवढा: कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने घडी फारशी विस्कटत नाही, हेही त्यात दिसलं. मला साडेतीन महिने लागले.

एक मात्र नीट वाचा. भूक नसताना थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबवता येत नाही, लपून खाल्लं जातं, नंतर घृणा वाटते किंवा उलटी काढली जाते, आणि हे आठवड्यामागून आठवडे चाललंय, तर ती खा-खा नव्हे. तो आजार आहे, डॉक्टरांच्या यादीत त्याला नाव आहे, त्यावर उपचार आहेत, आणि माळ्यावर डबा ठेवून तो बरा होत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, दिवस गेलेले असतील, किंवा घरातलं वाढतं मूल असेल, तर मधल्या वेळचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका. मधुमेह्याला अचानक लागलेली भूक ही साखर उतरल्याची खूण असू शकते. तिथे मारुतीची पट्टी लावून वीस मिनिटं बसणं धोक्याचं आहे. आधी साखर तपासा. हात थरथरत असतील, घाम फुटला असेल तर तेवढ्यासाठीही न थांबता ग्लुकोज किंवा साखरपाणी घ्या.

दिवाळीपुरतं

दिवाळीचे आठ-दहा दिवस वरचे सगळे नियम ढिले पडतात, आणि पडू द्यावेत. मी फक्त एवढंच करते. शेजारून फराळाचं ताट आलं की ते ओट्यावर झाकून ठेवत नाही. लगेच त्यातलं एकेक काढून वाटीत घेते, सासूबाईंच्या शेजारी बसून खाते, कुणाची चकली यंदा खुसखुशीत आणि कुणाच्या अनारशाला जाळी पडली नाही याची आमची चर्चा होते. उरलेलं त्याच दिवशी कामाच्या मावशी, वॉचमन आणि मुलाचे मित्र यांच्यात वाटून टाकते. घरचा फराळ माळ्यावर, शेजारचा वाटीत.

ताट रिकामं परत द्यायचं नसतं. पूर्वी मी त्यात आमच्या चकल्या भरून द्यायचे, मग त्यांच्याकडून पुन्हा काहीतरी यायचं, आणि हे तुळशीच्या लग्नापर्यंत चालायचं. आता ताटात चार पेरू ठेवते.